दोह्याचा ओव्हरकोट आणि ल्योंचे हिरवे क्रॉस

मित्रांनो, ज्या शहरात माणसं वर्षातले आठ महिने एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उडी मारत चालतात, त्या शहरात मी एक जुना लोकरीचा ओव्हरकोट आहे. हसू नका. वाळवंटात ओव्हरकोटाचं काय काम, असं तुम्हाला वाटत असेल, तर दोह्यातली मराठी माणसं तुम्हाला ठाऊक नाहीत. इथून युरोप बघायला जाणारे पुष्कळ, पण युरोपात घालायचा कोट विकत घेणारे थोडे. आठवड्याच्या सहलीसाठी एवढं धूड घ्यायचं आणि मग ठेवायचं कुठे? त्यापेक्षा ‘मृणालिनीकडे एक आहे’ हे वाक्य सोपं.

ती मृणालिनी म्हणजे माझी मालकीण. फरीज बिन ओमरानमधल्या तिच्या फ्लॅटात, आतल्या खोलीच्या कपाटात मी राहतो. माझी लोकर लुधियानाची, शिलाई नाशिकची. तिचा नवरा विजय गॅसच्या प्लांटवर इंजिनीअर. लग्नाआधी त्याला ट्रेनिंगसाठी एक हिवाळा नॉर्वेला पाठवलं, तेव्हा त्याने मला शिवून घेतलं. माप घेताना शिंपी म्हणाला, “साहेब, थोडा ढिला ठेवतो. लग्न झालं की माणूस कोटाचं ऐकत नाही.” त्या एका धोरणी वाक्यामुळे माझं सगळं आयुष्य घडलं. मी बारक्याला बरा दिसतो, जाड्याला पुरतो आणि बाईमाणसाला गुडघ्यापर्यंत पांघरतो.

नॉर्वेत माझं फार कौतुक झालं. गोरे साहेब बाही चिमटीत धरून “गुड वूल” म्हणत. मग दोहा आला, कपाट आलं आणि अंगावर प्लॅस्टिक आलं. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलो. अधूनमधून कुणीतरी यायचं, दोन दिवस खुशामत करायचं आणि मला घेऊन जायचं. त्यामुळे माणसांचा हिशेब मला चांगला जमतो. कोट आणायला कोण आलं यावरून माणूस कळत नाही. कोट परत करायला कोण येतं यावरून कळतो. कुणी ड्रायक्लीन करून आणतं, कुणी ड्रायव्हरच्या हाती पाठवतं. एका गृहस्थांनी खिशात नाक पुसलेला रुमाल तसाच ठेवून मला परत केलं. त्यांचं नाव घेत नाही. ते दरवर्षी गणपतीच्या कार्यक्रमात स्वच्छतेवर बोलतात.

एका डिसेंबरात मला न्यायला रबिया आली. तिचं घर अल नस्रमध्ये. तिची रिदा आणि मृणालिनीची अनुष्का एकाच शाळेच्या बसमध्ये, तेवढ्यावरून दोघींची मैत्री जमलेली. रबियाचा नवरा मुनाफ सूक वाकिफमधल्या मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. माणसं दापोलीकडची. रबिया लग्न होऊन दोह्यात आली ती अल नस्रच्या त्या दोन खोल्यांतच राहिली. गावी जायचं आणि परत यायचं, एवढाच तिचा प्रवास. आता पहिल्यांदा ती फ्रान्सला निघाली होती. ल्यों नावाचं जुनं शहर. दोन नद्या, टेकडीवर पांढरं चर्च, खाली रेशमाच्या विणकरांच्या वेळच्या गल्ल्या. तिने सगळं मोबाईलवर बघून पाठ केलं होतं.

मृणालिनीने मला प्लॅस्टिकमधून काढलं आणि रबियाच्या खांद्यावर घातलं. “हे बघ रबिया,” ती म्हणाली, “कोट तुझ्यासाठी देतेय. तिथे गेल्यावर ‘यांना दे, त्यांना दे’ करत बसू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.”

“छे, ताई, कुणाला देणार? मुनाफकडे जॅकेट आहे, रिदाला नवीन घेतलंय. आणि अम्मी म्हणतात त्यांना थंडी वाजतच नाही.”

अम्मी म्हणजे रबियाच्या सासूबाई, रुकैया. दापोलीहून व्हिजिट व्हिसावर लेकाकडे आलेल्या. घरी नेऊन रबियाने मला खुर्चीवर ठेवलं, तेव्हा त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. “ह्यो कोट हाय का गादी?” त्या म्हणाल्या. “थंडी म्हंजे काय गो? आमच्या दापोलीत पौषात दात वाजतात, तवा कोन कोट घालतो? शाल पुरते.”

ही शाल मी लक्षात ठेवली. पुढे तिचं काय होणार हे मला दिसत होतं.

विमानतळावर रबियाने मला अंगात घातलं. हौस म्हणून नव्हे. बॅग काट्यावर जड भरली आणि मुनाफने बॅगेतलं अर्धं सामान माझ्या खिशांत कोंबलं: चार्जर, बिस्किटं, खजुराचं पाकीट, रिदाचे रंग. कतारमधला अनुभवी माणूस हेच करतो. बॅगेचं वजन होतं. अंगावरच्या कोटाला कुणी काट्यावर उभं करत नाही.

ल्योंला उतरून बाहेरचं काचेचं दार उघडलं आणि वाऱ्याचा पहिला सपकारा बसला. अम्मींनी शाल एकदा उजवीकडून ओढली, एकदा डावीकडून ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. मुनाफने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“रबिया, अम्मीला दे ना कोट. तू तरुण आहेस.”

“नको, नको,” अम्मी म्हणाल्या, पण तोवर त्यांचा एक हात बाहीत शिरला होता.

रबियाने माझे खिसे रिकामे केले. “अम्मी, खिशात हात घालून चाला, ऊब राहील,” असं म्हणत तिने चार्जर, बिस्किटं, खजूर, सगळं आपल्या पर्समध्ये टाकलं. स्वतः दोन कुडत्यांवर एक विणलेला स्वेटर घातला. हा स्वेटर दोह्याच्या मॉलमधल्या एसीसाठी घेतलेला होता. त्यातून पलीकडचं दिसत असे.

तीन-चार दिवस बरे गेले. नदीकाठी फोटो झाले, पूल झाले, चॉकलेटची दुकानं झाली. टेकडीवरचं चर्च शेवटच्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर बघायचं ठरलं. संध्याकाळी परतीचं विमान. सकाळी हॉटेल सोडलं, बॅगा त्यांच्याकडेच ठेवल्या, आणि चौघांचे पासपोर्ट कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न आला.

“माझ्याकडं दे,” अम्मी म्हणाल्या. माझ्या डाव्या छातीशी आत चेनचा खिसा आहे. पासपोर्ट त्यात गेले, चेन लागली, वरून अम्मींचा हात बसला. “आता ह्ये जाईल तर माझ्यासकट जाईल.”

मित्रांनो, असं बोलू नये.

जुन्या ल्योंच्या मेट्रोतून बाहेर पडल्यावर मुनाफने सगळ्यांना थांबवलं आणि कोपऱ्यावर बोट दाखवलं. “गर्दी आहे. चुकामूक झाली तर कुणी घाबरायचं नाही. ती बघा फार्मसी, हिरवा क्रॉस लागलाय. सरळ तिथे येऊन उभं राहायचं. खलास.”

यात मुनाफची चूक होती, पण ती कतारची चूक होती. दोह्यात प्रत्येक इमारतीवर निळी पाटी असते. तिच्यावर झोन, रस्ता, इमारत सगळ्यांचे नंबर असतात. मुनाफने अल नस्रमध्ये राहून ती पाटी कधी वाचलेली नाही. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला की तो सांगतो, “लाँड्रीच्या समोर, शवर्माच्या बाजूला, मशिदीच्या मागच्या गेटला ये.” डिलिव्हरीवाला येतो. तिकडे असंच चालतं. इथे त्याने हिरवा क्रॉस दाखवला आणि पुढे चालू लागला. फ्रान्समध्ये प्रत्येक औषधाच्या दुकानावर असाच हिरवा क्रॉस लखलखतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याने मान वर करून दुसरीकडे पाहिलंही नव्हतं.

दुसरी चूक त्याहून वाईट होती. अम्मींना साखरेचा आजार. जेवणाआधी इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की लगेच खावं लागतं, नाहीतर साखर भराभर उतरते. मुनाफने मोबाईलवर हलाल हॉटेल शोधलं. “पाच मिनिटांवर आहे, अम्मी, तू घे इंजेक्शन,” म्हणाला. अम्मींनी एका कॅफेच्या बाथरूममध्ये जाऊन ते घेतलं. बाहेर आल्यावर मुनाफ म्हणाला, “वाटेतच एक त्राबूल आहे. बघून जाऊ. दोन मिनिटं.”

त्राबूल म्हणजे घरांच्या पोटातून जाणारी झाकलेली वाट. एका गल्लीत दार ढकलायचं, अंधाऱ्या बोळातून, चौकातून, जिन्यांखालून जायचं आणि दुसऱ्या गल्लीत निघायचं. रेशमाचे तागे पावसात भिजू नयेत म्हणून जुन्या काळी माणसं या वाटा वापरत. कापडाची एवढी काळजी करणारं शहर! माझी तर छाती भरून आली. बोळात वर राहणाऱ्या लोकांनी पाटी लावलेली होती, आवाज करू नका.

“शूऽ, दादी, नो टॉकिंग,” रिदा म्हणाली. ही मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते.

“मी कुटं बोलले?” अम्मी म्हणाल्या, आणि चौकात थांबून मान वर करून गोल जिन्याकडे बघत राहिल्या. गुलाबी भिंत, दगडी कठडे, वर आभाळाचा चौकोन. त्या खरोखर हरखल्या होत्या. इतक्यात मागून छत्री उंच धरलेली एक गाइडबाई आणि तिच्यामागे पर्यटकांचा तांडा आत शिरला. अम्मी भिंतीला टेकल्या. तांडा सरकून गेला, तेव्हा पुढे मुनाफ नव्हता, रबिया नव्हती, रिदाही नव्हती. चौकातून दोन बोळ फुटत होते. अम्मींनी एक धरला आणि दार उघडून बाहेर आल्या. ती मघाचीच गल्ली होती, जिथून आम्ही आत शिरलो होतो. बाकीचे तिघं पलीकडच्या गल्लीत निघाले होते.

अम्मी घाबरल्या नाहीत. त्यांनी मान वळवून पाहिलं. गल्लीच्या टोकाला हिरवा क्रॉस लखलखत होता.

“ह्ये काय, हितंच तर हाय,” त्या म्हणाल्या आणि त्याच्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांचा फोन हातात होता, पण तो मेलेला. परदेशात सगळं कुटुंब मुनाफच्या हॉटस्पॉटवर जगत होतं. मुनाफपासून चार पावलं लांब गेलं की फोन म्हणजे नुसता आरसा.

वेळ जाऊ लागला. पुढचं जे सांगतो आहे ते अर्धं मी सोसलेलं आहे आणि अर्धं नंतर दोह्यात, अल नस्रच्या खोलीत, रबिया आणि रिदाच्या तोंडून ऐकलेलं आहे.

पलीकडे मुनाफ खऱ्या फार्मसीपाशी, मेट्रोजवळ, रिदाचा हात धरून उभा होता. रबिया दर क्षणाला टाचा उंचावत होती.

“अहो, त्यांनी इंजेक्शन घेतलंय.”

“येईल अम्मी. तिला दाखवलंय ना मी दुकान? हरवलेल्या माणसाने ठरलेल्या जागी यायचं, आपण हलायचं नाही. आपण हललो आणि ती आली तर?”

इकडे अम्मींचं म्हणणंही अगदी हेच होतं. त्या पुटपुटत होत्या, “पोरं चुकली. चुकली तर चुकली, येतील. मी हलायची नाय.” त्यांच्या गावी उरुसात हरवलेलं पोर शोधायचा नियमच तो: ज्याला जागा ठाऊक आहे त्याने जागा सोडायची नाही. दोन्हीकडे समजूत एकच, की हरवलाय तो दुसरा. अशा वेळी दोन शहाणी माणसं दोन हिरव्या दिव्यांखाली वर्षभर उभी राहू शकतात.

पण अम्मींजवळ वर्ष नव्हतं. हे मला सर्वांत आधी कळलं. घाम मला ओळखता येतो, मित्रांनो. चालल्याचा घाम वेगळा, भीतीचा वेगळा. बाहेर तोंडातून वाफ निघत होती आणि माझ्या अस्तराला मानेपाशी गार, चिकट ओल लागली. मग खिशातले हात थरथरू लागले. मुठी वळत होत्या, सुटत होत्या. छातीशी पासपोर्टच्या खिशाखाली काळीज धावत होतं. मी घट्ट धरून होतो, पण कोटाला ऊब धरून ठेवता येते, साखर देता येत नाही.

दार उघडून पांढऱ्या डगल्यातली एक बाई बाहेर आली. तिने अम्मींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं आणि हळूच कोपराला हात लावला. दुसऱ्या हाताने आतली खुर्ची दाखवली.

अम्मींनी दोन्ही हात छातीवर आवळले. “नो! पासपोर्ट नाय देनार!”

बाई आणखी मऊ आवाजात बोलली.

“माय सन कमिंग,” अम्मी म्हणाल्या. “कमिंग. तू जा बाय, तुझं दुकान बघ.”

काय म्हणावं! औषधाच्या दुकानाच्या उंबऱ्यावर साखर उतरत चाललेली बाई उभी होती आणि औषधवालीलाच हाकलत होती. बाईने क्षणभर विचार केला आणि कुणाला तरी बोलवायला ती लगबगीने आत गेली. अम्मी दोन पावलं बाजूला सरकल्या. त्यांना वाटलं, ही आता पोलीस आणते. भिंत धरून त्या उभ्या राहिल्या.

पलीकडे रबियाने एकाएकी मान वळवली. लांबच्या वळणावर तिला आणखी एक हिरवा क्रॉस दिसला. तिने उलट्या दिशेला पाहिलं. तिकडेही एक.

“अहो, बघा. ही सगळीकडे आहेत.”

मुनाफने पाहिलं. मग म्हणाला, “तरी पण… आपण इथेच थांबू. तू गेलीस की तुझं नेट जाईल. मग तुला कोण शोधणार?”

“हरवलंय कोण ते तुम्ही सावकाश ठरवा,” रबिया म्हणाली. “मी चालले.”

“मम्मा, यू डोन्ट हॅव अ जॅकेट!” रिदा ओरडली. पण स्वेटरच्या बाह्या मुठीत ओढून रबिया पळत सुटली होती.

ती हिरव्या क्रॉसमागून हिरवे क्रॉस बघत गेली. प्रत्येक दुकानासमोर थांबायची, आत डोकवायची, “ओल्ड लेडी? लाँग कोट?” विचारायची. माना हलायच्या. लाँग कोट तर गल्लीत प्रत्येकाच्याच अंगावर होता. तिच्या एकटीच्या अंगावर नव्हता.

आणि मग ती आमच्या गल्लीत आली.

मला ती दिसली, अम्मींनाही दिसली. समोरच्या बाजूने, नाक लाल, ओठ निळे, धावत येत होती. मध्ये नेमका तोच छत्रीवाला तांडा पसरलेला. अम्मींनी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी चर्चची घंटा सुरू झाली. घण, घण, घण. हाक त्यात बुडून गेली. रबियाने आमच्या बाजूला पाहिलं, पण तिला ती छत्री आणि काळे कोट दिसले. तिच्या मनात आलं, अम्मी अजून त्या बोळातच असतील तर? तिने समोरचं जाड लाकडी दार ढकललं आणि ती त्राबूलात शिरली. दार मागे आपोआप लागलं.

अम्मी जागच्या जागी हलल्या. माझ्या आत त्यांचं सगळं अंग म्हणत होतं, जा. आणि डोकं म्हणत होतं, जागा सोडू नको. चौघांचे पासपोर्ट, लेकाचं सांगणं, उरुसाचा नियम. मला बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, की अम्मी, आता हिशेब नको.

“ती पोरगी कुडकुडतेय,” अम्मी म्हणाल्या आणि त्यांनी जागा सोडली.

गल्ली ओलांडताना त्या दोनदा अडखळल्या. त्या दाराला खांदा लावला, पण दार हलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्या नुसत्या दारावर पडल्याच, आणि दाराने वाट दिली. आत अंधार. तिथले दिवे बटण दाबल्यावर थोडा वेळ लागतात आणि आपोआप विझतात. ते नुकतेच विझले होते. अम्मी भिंतीला घासत चालल्या. माझ्या उजव्या बाहीची लव त्या दगडाने ओरबाडली. चौकाच्या तोंडाशी एक पायरी होती. त्या पायरीवर बसल्या. बसल्या म्हणण्यापेक्षा, मी त्यांना घेऊन पडलो.

“रबिया,” त्या म्हणाल्या. ते माझ्या कॉलरलासुद्धा नीट ऐकू आलं नाही.

वर एक खिडकी उघडली. “शूऽऽ!” कुणीतरी दटावलं.

त्या ‘शूऽऽ’ने काम केलं, मित्रांनो. दापोलीच्या बाईला आपल्या सुनेला हाक मारताना कुणी गप्प करावं? अम्मींच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी मान वर केली.

“रबिया गोऽऽ!”

पलीकडच्या टोकाला रबियाचा हात दुसऱ्या दाराच्या कडीवर होता. ती बाहेर पडली असती तर पुन्हा या बोळात आली नसती. तिने कडी सोडली. दगडांवर चपलांचा आवाज धावत आला, दिवे लागले, आणि रबिया आमच्यासमोर गुडघ्यांवर बसली. अम्मींचा चेहरा तिने एकदाच पाहिला. पर्स उघडली, खजूर काढला, बोटांनी फोडला आणि त्यांच्या ओठांत घातला.

“चावा, अम्मी.”

“बी?”

“काढलीय. चावा आधी.”

एक खजूर, दुसरा, तिसरा. रबिया त्यांचे हात आपल्या हातांत चोळत होती, आणि तिचे हात त्यांच्याहून गार होते. हळूहळू माझ्या आतली थरथर उतरली. मानेवरची ओल गार पडली, पण नवी फुटली नाही. अम्मींनी छातीवर थाप मारली.

“पासपोर्ट हायेत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. स्वेटरची वीण दोन बोटांत धरून ताणली. “ह्ये अंगात घातलंयस तू? ह्ये तर मासे धरायचं जाळं हाय. मला कुनी सांगितलं नाय!”

“तुम्हाला दिसत होतं की, अम्मी,” रबिया म्हणाली. तिचे दात वाजत होते, म्हणून ते वाक्य तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. लग्न झाल्यापासून तिने सासूला दिलेलं ते पहिलं उलट उत्तर असावं.

अम्मींनी माझी बटणं सोडायला सुरुवात केली.

“राहू द्या, तुम्हाला बरं नाही.”

“गप बस. कोट तुझ्या नावाने आनलाय.”

शेवटी तह झाला. माझी एक बाही अम्मींच्या हातात, दुसरी रबियाच्या, आणि मधे मी ताणून बसलो. पाठीची शिवण करकरली, पण नाशिकच्या शिंप्याने मोकळं ठेवलेलं सगळं त्या दिवशी कामी आलं. वरची खिडकी पुन्हा उघडली. या वेळी कुणी दटावलं नाही. एक म्हातारा खाली बघत राहिला आणि त्याने दिवा लावून ठेवला.

मेट्रोपाशी मुनाफ हिरव्या क्रॉसखाली रडवेला उभा होता. आईला पाहून तो धावत आला. “अम्मी! कुठे हरवली होतीस?”

“मी नाय हरवले,” अम्मी म्हणाल्या. “तू हरवला होतास, मी बी हरवले होते म्हन हवं तर. एकटी ही रबियाच तेवढी जाग्यावर होती. यल्ला, चल आता, जेवायला घाल पोरीला.”

जेवण झालं. टेकडीवरचं चर्च राहिलं. विमान गाठायचं होतं.

दोह्याला पोचल्यावर रबियाला ताप भरला. पुरते सहा-सात दिवस ती उठली नाही. मला परत करायला या वेळी अम्मी स्वतः आल्या, मुनाफला खाली गाडीत बसवून. माझ्या पाठीची शिवण त्यांनी स्वतः सुईदोऱ्याने घातली होती. टाका जाडाभरडा, पण सुटणार नाही असा. बाहीची लव मात्र गेली ती गेलीच. सोबत डब्यात सांदणं होती, कारण दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करत नाहीत.

मृणालिनीची नजर थेट बाहीवर गेली. तिच्या भुवया वर चढल्या.

“बाही घासली, बाय. माझ्यामुळं,” अम्मी म्हणाल्या.

“असू दे, चाची. रबिया कशी आहे? आणि ल्यों कसं वाटलं तुम्हाला?”

“शहर गोड हाय. नदी बघितली, जिने बघितले, सगळं बघितलं मी.” त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं, आणि त्यांचा हात माझ्या कॉलरवर होता. “पन माझी सून फ्रान्सला जाऊन औषधाची दुकानं बघून आली. बाकी काय बघितलं नाय तिनं. ती टेकडी तिच्या मोबाईलात हाय अजून.”

मृणालिनीने डबा बाजूला ठेवला आणि ती अम्मींजवळ येऊन बसली.

“म्हनून इचारायला आले. तिला परत पाठवायची हाय, इन्शाल्ला. तू बी जा तिच्याबरोबर. पोरींचं मी बघते, रिदाचं बी आनि तुझ्या अनुष्काचं बी. कोट देशील ना? फक्त तिच्यासाठी देशील?”

मृणालिनीने मला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि कपाटाकडे नेलं. मला वाटलं, आता पुन्हा प्लॅस्टिक. पण तिने प्लॅस्टिकची पिशवी घडी करून टाकून दिली आणि मला दाराजवळच्या खुंटीवर अडकवलं. “इथेच राहू दे,” ती म्हणाली. “तिला बरं वाटलं की येऊन घेऊन जाईल.”

तिथेच मी आज आहे. येणारा-जाणारा हसतो, की दोह्यात दाराशी ओव्हरकोट! हसू दे.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, माझे खिसे रिकामे करून परत द्या, कसर लागू देऊ नका. हे मी सांगायला हवं का? तुम्ही शहाणे आहात. पण एक गोष्ट शहाण्यांच्याही नजरेतून सुटते. कुणी हरवलं की सगळं घर त्याचीच चिंता करतं: त्याने खाल्लं असेल का, त्याला थंडी वाजत असेल का. त्या वेळी घरातलं एक माणूस काही न बोलता चपला घालून शोधायला निघालेलं असतं. त्याला दारातच थांबवा, आणि आधी त्याच्या अंगावर मला घाला.